जुनी म्हणजे खरी? सुरुवातीच्या सीड्या आणि त्यांच्या संग्राहकांचं ज्ञान

जगातली पहिली कॉम्पॅक्ट डिस्क कोणती? प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो, पण शोधायला गेलात की चार उत्तरं हाती येतात. कोणी सांगतं, १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागन इथल्या कारखान्यात तयार झालेली, ‘आबा’ या स्वीडिश गटाची ‘द व्हिजिटर्स’. कोणी त्याच कारखान्यातली, क्लाउडिओ आराउ यांनी पियानोवर वाजवलेली शोपँची वॉल्ट्झ सांगतं. तिसरा म्हणतो, बिली जोएलची ‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’, कारण १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या तुकडीत तिचा क्रमांक होता ३५डीपी-१. चौथ्याने जरा जास्त वाचलेलं असतं. तो चाचणीसाठी काढलेल्या, कारायान यांनी संचालन केलेल्या रिचर्ड स्ट्राउसच्या ‘आल्पाइन सिम्फनी’चं नाव घेतो.

गंमत अशी की चौघांपैकी कोणीही थापा मारत नाहीये. एकाच्या मते ‘पहिली’ म्हणजे चाचणीची पहिली, दुसऱ्याच्या मते कारखान्यातून निघालेली पहिली, तिसऱ्याच्या मते दुकानात आलेली पहिली. त्यातही तिसऱ्या उत्तराकडे नीट बघा. त्या दिवशी जपानमध्ये एकदम पन्नास शीर्षकं बाजारात आली होती. त्यातल्या बिली जोएललाच पहिला मान मिळतो तो ती तबकडी इतरांच्या आधी विकली गेली म्हणून नाही, तर तिच्या पाठीवर ‘१’ हा आकडा आहे म्हणून. कॅटलॉग लावताना कोणीतरी दिलेला नंबर पुढे इतिहास म्हणून सांगितला जाऊ लागला.

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या प्रत्येकाने हे उदाहरण जवळ ठेवावं असं मला वाटतं. ‘पहिला’, ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘दुर्मीळ’ हे शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये सहज टाकतो आणि त्यांची व्याख्या करायची राहून जाते. सुरुवातीच्या सीड्या जमवणारे लोक याच चार शब्दांवर जगतात. म्हणून त्यांच्या छंदाकडे आज छंद म्हणून न बघता ज्ञानाची एक शाखा म्हणून बघू. या शाखेने काय मिळवलं, ती कुठे घसरते, आणि तिच्यातलं काय आपण आपल्या प्रबंधात वापरू शकतो, हे तपासायचं आहे.

संग्राहकांना जे खरोखर येतं

आधी त्यांचं देणं मान्य करू. १९८२ ते साधारण १९८७ या काळातली सीडी ओळखण्याचं जे शास्त्र आज उपलब्ध आहे, ते विद्यापीठांनी किंवा रेकॉर्ड कंपन्यांनी नाही, तर या हौशी मंडळींनी उभं केलं.

त्यांची पद्धत साधी आहे. तबकडी उलटी करायची आणि मधल्या भोकाभोवतीचं आरशासारखं वर्तुळ वाचायचं. तिथे कॅटलॉग क्रमांक असतो, कधी कारखान्याची खूण असते, कधी साच्याचा क्रमांक. सीडी बनते कशी हे माहीत असेल तर त्या खुणांचा अर्थ लागतो. आधी काचेच्या तबकडीवर लेझरने नोंद होते. तिच्यावरून निकेलचा एक धातूचा साचा निघतो, त्यावरून प्रतिसाचे, आणि त्यांच्यावरून प्रत्यक्ष तबकड्या दाबणारे साचे. म्हणजे आतल्या वर्तुळातला एकच आकडा बदलला तर कदाचित फक्त झिजलेला साचा बदललेला असतो. पण सगळी ओळच वेगळी असेल तर काचेची मूळ तबकडीच नव्याने केलेली असू शकते. पहिल्या प्रकारात आवाजाची माहिती तीच राहते. दुसऱ्या प्रकारात ती बदललेली असण्याची शक्यता निर्माण होते. लक्षात घ्या, शक्यता. खात्री नाही.

काळ ठरवण्याचे त्यांचे नियमही पक्के आहेत. सीडीवर आयएफपीआयचा ओळख-संकेत असेल तर ती १९९४ च्या आधीची नाही, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असं छापलेलं असेल तर मजकूर ३ ऑक्टोबर १९९० च्या, म्हणजे दोन जर्मनी एक होण्याच्या, आधी ठरलेला. अमेरिकन कॅटलॉग क्रमांक आहे पण ‘मेड इन जपान’ लिहिलंय, तर गोंधळून जायचं कारण नाही. अमेरिकेतला सीडीचा पहिला कारखाना इंडियाना राज्यात टेरे होट इथे १९८४ मध्ये चालू झाला आणि तिथून निघालेली पहिली तबकडी होती ब्रूस स्प्रिंगस्टीनची ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. त्याआधी अमेरिकन दुकानांत विकला जाणारा माल बाहेरूनच दाबून यायचा. तेव्हा ‘कुठे बनली’ आणि ‘कोणासाठी बनली’ हे दोन वेगळे रकाने आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. ‘याच्या आधीची नाही’ आणि ‘याच्या नंतरची नाही’ अशा दोन भिंती बांधायच्या आणि वस्तू त्यांच्या मध्ये बसवायची. ताम्रपट आणि नाण्यांचा काळ आपण असाच ठरवतो. पण चांगला संग्राहक इथेही सावध असतो. छापील पुस्तिका, प्लॅस्टिकची डबी आणि तबकडी या तीन वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात आणि नंतर एकत्र येतात. जुन्या पुस्तिकांचा साठा उरला असेल तर तो नव्या तबकडीबरोबर खपवला जातो. पुढे सेकंडहँड बाजारात डब्यांची अदलाबदल होते ती वेगळीच. त्यामुळे पुस्तिकेवरचं साल हे पुस्तिकेचं साल. तबकडीचं साल तबकडीवरूनच काढायचं.

या सगळ्या नोंदी डिस्कॉग्जसारख्या सूचीत एकत्र सापडतात. ती सूची २००० साली सुरू झाली, लोकांनी भरलेली आहे, आणि तिचा डेटा कोणालाही मोकळेपणाने उतरवून घेता येतो. संशोधकासाठी ही फार मोठी गोष्ट. पण एकाच पानावर तिथे दोन जातींची माहिती शेजारी शेजारी बसलेली असते हे विसरू नका. आतल्या वर्तुळातली अक्षरं ही नोंद आहे. ‘हीच पहिली आवृत्ती’ हे खालच्या टीपेतलं वाक्य हा निष्कर्ष आहे. नोंद डोळ्याने पडताळता येते. निष्कर्षाला वेगळा पुरावा लागतो, आणि तो दिलेला असेलच असं नाही.

एका वाक्यात लपलेले तीन दावे

घसरण सुरू होते ती इथून. संग्राहकाचं नेहमीचं वाक्य असं असतं: ‘ही दुर्मीळ पहिली आवृत्ती आहे, म्हणून हिचा आवाज सगळ्यात खरा.’ या एका वाक्यात तीन दावे आहेत. ही दुर्मीळ आहे. ही पहिली आहे. हिचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणाला सगळ्यात जवळचा आहे. तिन्ही दाव्यांना वेगवेगळा पुरावा लागतो आणि एकावरून दुसरा आपोआप निघत नाही.

आधी ‘दुर्मीळ’ घ्या. एखाद्या आवृत्तीच्या किती तबकड्या दाबल्या हे कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. मग दुर्मीळपणा ठरतो कशावरून? विक्रीला किती आल्या यावरून. पण विक्रीला न येणं आणि अस्तित्वात नसणं यांत खूप अंतर आहे. ज्यांच्याकडे ती आहे ते लोक विकत नसतील. किंवा एखाद्या घरातल्या कपाटात ती पडून असेल आणि आपल्याकडे काय आहे हे त्यांच्या गावीही नसेल. बाजारातली टंचाई मोजून आपण वस्तूंची टंचाई मोजली असं समजणं म्हणजे नमुना कुठून घेतला ते विसरून सरासरी काढणं. सर्वेक्षणावर काम करणाऱ्यांनी ही चूक आपल्या क्षेत्रात कोणत्या रूपात येते ते शोधून बघावं. सापडेलच.

आता या छंदातलं सर्वात गाजलेलं उदाहरण घेऊ. बीटल्सचा ‘ॲबी रोड’ तोशिबा-ईएमआयने १९८३ मध्ये जपानमध्ये सीडीवर काढला, क्रमांक सीपी३५-३०१६. लेबलवरच्या खुणेमुळे संग्राहक तिला ‘काळा त्रिकोण’ म्हणतात. तिला बीटल्सच्या बाजूची रीतसर संमती नव्हती आणि ती मागे घेतली गेली. बीटल्सच्या अधिकृत सीड्या यायला फेब्रुवारी १९८७ उजाडला आणि त्यातला ‘ॲबी रोड’ आला त्याच वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे मधली काही वर्षं बीटल्सचा सीडीवरचा आवाज म्हणजे ही एकच जपानी तबकडी. तिला किंमत का येते हे कळण्यासारखं आहे.

पण या हकिगतीतून सिद्ध काय होतं? ती आधीची आहे, हे सिद्ध होतं. ती मागे घेतली गेली, हे सिद्ध होतं. तिचा आवाज खरा आहे, हे मात्र या हकिगतीतून निघत नाही. त्यासाठी ती कोणत्या फितीवरून केली हे कळायला हवं: लंडनची मूळ फीत, तिची प्रत, की एलपी दाबण्यासाठी सुधारून घेतलेल्या प्रतीची प्रत? तबकडीवर हे लिहिलेलं नसतं. नंतरच्या काळात सीड्यांवर एएडी, एडीडी, डीडीडी अशी तीन अक्षरं येऊ लागली. मुद्रण, मिश्रण आणि अंतिम प्रत यांपैकी कोणती पायरी ॲनलॉग आणि कोणती डिजिटल, एवढंच ती सांगतात. फीत कितव्या पिढीची हे तीही सांगत नाहीत. आणि तिसरं अक्षर सीडीच्या बाबतीत कायम ‘डी’च असल्यामुळे त्यातून माहिती अशी काही मिळतच नाही.

आपल्याकडे हा वाद आधीच होऊन गेलाय

मराठी वाचकाला इथे पुण्यातलं एक मोठं काम आठवायला हवं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली. वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या संपादनात जी शिस्त घालून दिली, तिचा गाभा असा की हस्तलिखिताचं वय आणि त्यातल्या पाठाचं वय या दोन गोष्टी आहेत. जुन्या पोथीत भर घातलेला पाठ असू शकतो. पोथी उशिरा लिहिलेली असेल, पण ती एखाद्या फार जुन्या, निर्मळ पोथीवरून जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर पाठ जुना. म्हणून पोथ्यांची नुसती वयं मोजायची नसतात, कोण कोणापासून उतरलंय ती वंशावळ काढायची असते.

हा नियम सीडीला लावून बघा. बीटल्सचाच ‘रबर सोल’ घ्या. मूळ एलपी १९६५ ची. १९८७ मध्ये तो पहिल्यांदा सीडीवर आला तेव्हा निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्याचं स्टिरिओ मिश्रण नव्याने केलं. २००९ मध्ये बीटल्सचे सगळे अल्बम पुन्हा स्वच्छ करून निघाले, तेव्हा स्टिरिओ मालिकेत १९८७ चंच हे मिश्रण घेतलं गेलं. आणि १९६५ चं मूळ स्टिरिओ मिश्रण? ते सापडतं २००९ च्या मोनो संचात, मोनोच्या जोडीला दिलेलं.

म्हणजे इथे जुनी सीडी नवा पाठ देते आणि नवी सीडी जुना पाठ. ‘पहिली ती खरी’ या नियमाने चालणारा संग्राहक १९८७ ची तबकडी उचलेल आणि १९६५ चं स्टिरिओ ऐकतोय असं समजेल. समजा, साठच्या दशकात स्टिरिओमध्ये आवाज डाव्या-उजव्या बाजूला कसा मांडत हा तुमचा विषय आहे. मग त्या तबकडीवर केलेली प्रत्येक मोजणी वीस-बावीस वर्षांनी चुकलेली असेल. मोजणी अचूक, वस्तू अस्सल, निष्कर्ष चूक.

कानाचा पुरावा कधी चालतो

‘पण ऐकू येतं ना!’ हे संग्राहकांचं शेवटचं उत्तर असतं. कानाला पुरावा म्हणून मी नाकारत नाही. संगीताच्या अभ्यासात कान नाकारला तर उरतं काय? पण कानाची साक्ष घेण्याचे नियम आहेत, आणि इथे ते बहुतेकदा पाळले जात नाहीत. चार मुद्दे बघा.

पहिला मुद्दा प्री-एम्फसिसचा. सुरुवातीच्या बऱ्याच सीड्यांवर, त्यात तो ‘काळा त्रिकोण’ही आला, आवाज साठवताना वरच्या पट्ट्या मुद्दाम चढवलेल्या असतात. २० किलोहर्ट्झच्या आसपास ही वाढ साधारण ९ ते १० डेसिबल भरते. तबकडीवर त्याची एक खूण नोंदलेली असते. ती वाचून सीडी प्लेअरने तेवढ्याच पट्ट्या उतरवायच्या. उतरवताना वरच्या भागातला खरखराटही कमी होतो, हा त्यामागचा हेतू. आता तुम्ही ती सीडी संगणकावर उतरवून घेतली आणि सॉफ्टवेअरने ती खूण पाहिलीच नाही, तर तुमच्या हातात येते ती न उतरवलेली फाइल. काही तबकड्यांवर ही खूण सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याबरोबर वाहणाऱ्या उपमाहितीत असते. तेव्हा चांगलं सॉफ्टवेअरही फसू शकतं. मग एक जण म्हणतो, ‘जुन्या सीड्यांत काय तपशील ऐकू येतो!’ दुसरा म्हणतो, ‘जुन्या सीड्या कानाला टोचतात.’ दोघंही सीडीबद्दल बोलतच नाहीयेत. बोलतायत ते उतरवताना राहिलेल्या एका पायरीबद्दल. उपकरणाचा दोष वस्तूच्या माथी मारणं हा प्रयोगशाळेतला जुना आजार आहे. इथे त्याला सौंदर्यदृष्टीचे कपडे घातलेत, एवढंच.

दुसरा मुद्दा आवाजाच्या पातळीचा. सुरुवातीच्या सीड्या बहुधा हळू आवाजात भरलेल्या असतात. नव्वदीनंतरच्या पुनरावृत्त्या दाबून दाबून मोठ्या केलेल्या असतात. दोन नमुन्यांत एखाद्या डेसिबलचा जरी फरक असला तरी माणसाला मोठा तो बरा वाटतो, आणि तो ‘मोठा’ न वाटता ‘स्वच्छ’ किंवा ‘भरीव’ वाटतो. तेव्हा पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे तुलनाच नाही. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. नव्या आवृत्तीची भलामण करणाऱ्यांनाही.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. ‘डीआर’ नावाचा एक आकडा संग्राहकांत लोकप्रिय आहे. ध्वनीच्या सगळ्यात उंच टोकांत आणि सर्वसाधारण जोरात किती अंतर आहे, हे तो ढोबळपणे सांगतो. सीडीच्या दोन आवृत्त्यांची तुलना करायला तो कामाचा आहे. पण सीडी आणि एलपी यांची तुलना त्याने केली की घोटाळा होतो. एलपी कापताना आणि सुईने वाजवताना ध्वनीच्या लहरींची कला सरकते आणि टोकं उंचावतात. त्यामुळे एकाच मूळ प्रतीवरून केलेली एलपी सीडीपेक्षा जास्त डीआर दाखवू शकते. आकडा वाढला म्हणून ध्वनी कमी दाबलेला आहे असं ठरत नाही. मोजमाप कोणत्या परिस्थितीसाठी बनवलं होतं हे न विचारता दुसरीकडे वापरलं की असंच होतं. मानसशास्त्रातल्या परदेशी प्रश्नावल्या आपल्याकडे जशाच्या तशा भाषांतर करून वापरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

चौथा मुद्दा अपेक्षेचा. हातात जपानी तबकडी, तिला दिलेले पैसे, तिची हकिगत, हे सगळं ऐकण्याआधीच कानात शिरलेलं असतं. उपाय माहीत असलेलाच आहे. कोणता नमुना वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. क्ष हा अ आहे की ब, एवढंच त्याने ओळखायचं. अशा १६ फेऱ्या घ्यायच्या. १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं, तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी राहते. १० वेळा बरोबर आलं तर फार आनंद करू नका, नाणं उडवूनही तसं होतं. आणि इथे पास झालं तरी सिद्ध होतं ते ‘फरक ऐकू येतो’ एवढंच. ‘हा खरा आणि तो खोटा’ हे नाही.

कानाच्याही आधी करायची एक सोपी तपासणी आहे, ती तर या छंदात प्रत्येकाला शक्य आहे. दोन आवृत्त्या उतरवून घ्या, प्री-एम्फसिस बघून घ्या, सुरुवातीचे काही नमुने मागेपुढे झाले असतील ते सरकवून जुळवा, आणि एकातून दुसरी वजा करा. उत्तर सलग शून्य आलं तर दोन्हींवरची माहिती एकच आहे, मग लेबलवर काहीही रंगवलेलं असो. वॉर्नर गटाच्या, नेमबाजीच्या लक्ष्यासारखं चित्र असलेल्या पश्चिम जर्मन सीड्यांना संग्राहक ‘टार्गेट’ म्हणतात आणि त्यांना चढा भाव देतात. त्यातल्या अनेक शीर्षकांच्या नंतरच्या साध्या लेबलच्या तबकड्या वजाबाकीत तंतोतंत त्याच निघतात. अशा वेळी जास्तीचे पैसे चित्राचे असतात. चित्रासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त त्याला आवाजाचे पैसे म्हणू नये.

मग हे सगळं फेकून द्यायचं का?

अजिबात नाही. कारण या लोकांनी नाद सोडला तर नुकसान आपलं आहे.

आज संगीतावर संशोधन करणारा विद्यार्थी आवाज कुठून घेतो? स्ट्रीमिंगवरून. तिथे एखाद्या अल्बमची जी आवृत्ती हक्कदाराने दिलेली असते ती मिळते, आणि ती बदलली गेली तर बदललेली मिळते. पान तेच राहतं, मुखपृष्ठही तेच. कधी नावापुढे ‘रिमास्टर्ड’ असतं, कधी नसतं. आणि असलं तरी पुरत नाही, हे ‘रबर सोल’ने दाखवलंच. ‘२००९ मध्ये स्वच्छ केलेली’ ही माहिती खरी आहे, तरीही मिश्रण १९८७ चं आहे हे तिच्यातून कळत नाही. १९८४ मध्ये लोकांनी घरी नेमकं काय ऐकलं हे तुम्हाला तपासायचं असेल, तर त्याचा पुरावा त्या वर्षीच्या तबकडीत आहे. ती ‘जास्त खरी’ आहे म्हणून तिची किंमत नाही. ती त्या काळाची कागदपत्रं आहे म्हणून आहे.

आणि ही कागदपत्रं कायमची नाहीत. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या काही सीड्या कडेपासून तपकिरी, काशाच्या रंगाच्या होत गेल्या. परावर्तनाचा थर चांदीचा होता आणि पुस्तिकांच्या कागदातल्या गंधकाशी त्याची प्रक्रिया होत गेली. थर गेला की लेझरला वाचायला काही उरत नाही. सीडीतली चूक-दुरुस्तीची पद्धत छोटे ओरखडे सांभाळून घेते, पण थरच नाहीसा झाला तर तीही हात टेकते. तेव्हा ‘कधीतरी बघू’ म्हणून ठेवलेल्या स्रोताला स्वतःचं आयुष्य असतं.

आपल्याकडच्या संगीताला हा प्रश्न आणखी एका पायरीने लागतो. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या हिंदुस्थानी गायनाच्या सीड्या घ्या. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. मूळ वेग ७३-७४ च्या आसपास असेल आणि सीडी करताना ती ७८ वर वाजवली, तर सगळा आवाज जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी सहामध्ये गातोय असं दिसतं, लय वाढते, तानेचा वेग वाढतो, गळ्याचा पोतही बदलतो. ती सीडी पहिली आहे की पाचवी, याने काही फरक पडत नाही. सीडी करणाऱ्याने कोणता वेग धरला, हे कळायला हवं. त्या गायकाच्या पट्टीवर किंवा तानांच्या गतीवर तुम्ही प्रकरण लिहिणार असाल, तर सगळं प्रकरण या एका निर्णयावर उभं असतं.

आणि हे शोधायचं तर पुन्हा संग्राहकांकडेच जावं लागतं. मायकल किनियर यांची ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ च्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईत पॉप्युलर प्रकाशनाने काढली. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक आणि सुरेश चांदवणकर यांचं काम, यांच्याशिवाय भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर आज धड पाऊल टाकता येणार नाही. या मंडळींनी ७८ च्या तबकड्यांवरचे मॅट्रिक्स क्रमांक जसे वाचले, तसेच सीडीवाले आतलं वर्तुळ वाचतात. परंपरा एकच आहे. फरक एवढाच की ७८ वाल्यांच्या नोंदी सूचीच्या शिस्तीत बसल्या. सीडीवाल्यांच्या नोंदींना अजून बाजारभावाचा वास येतो, कारण सूची आणि दुकान तिथे एकाच छताखाली आहेत.

तुमच्या प्रबंधात याचं काय करायचं

माझा निवाडा असा: सुरुवातीच्या सीड्यांच्या संग्राहकांवर वस्तू ओळखण्याच्या बाबतीत विश्वास ठेवा, काळ ठरवण्याच्या बाबतीत बऱ्यापैकी ठेवा, दुर्मीळपणाच्या बाबतीत जपून, आणि आवाजाच्या खरेपणाबाबत स्वतंत्र पुरावा मागा. ज्या माणसाला आतल्या वर्तुळातलं अक्षर न् अक्षर वाचता येतं तो आवाजाबद्दलही तितक्याच अधिकाराने बोलत असणार, असं आपण नकळत धरून चालतो. अधिकार असा एका कामातून दुसऱ्या कामात आपोआप वाहत नाही. गाईडच्या बाबतीतही नाही, हे मनातल्या मनात लिहून ठेवा.

प्रत्यक्ष लिहिताना, ध्वनीचा स्रोत देताना फक्त कलाकार, अल्बम आणि साल देऊन थांबू नका. कोणत्या देशातली, कोणत्या क्रमांकाची, आतल्या वर्तुळात काय लिहिलेली प्रत वापरली ते द्या. मूळ मुद्रण, मिश्रण, सीडीसाठीची प्रत आणि प्रत्यक्ष तबकडी या चार गोष्टींची सालं वेगवेगळी लिहा. एखादं कळलं नाही तर त्या जागी ‘अज्ञात’ लिहा, दुसऱ्या रकान्यातलं साल उचलून तिथे बसवू नका. फाइल कशी उतरवली, प्री-एम्फसिस होतं का, पातळी जुळवली का, तेही लिहा. स्ट्रीमिंगवरून घेतलं असेल तर ऐकल्याची तारीख द्या. हे सगळं मिळून अर्धं पान होईल, जास्त नाही.

व्हायवाच्या वेळी परीक्षक बहुतेक हे अर्धं पान ओलांडून पुढे जातील. पण दहा वर्षांनी कोणीतरी तुमची मोजणी पुन्हा करून बघायला बसेल आणि त्याचे आकडे तुमच्याशी जुळणार नाहीत. तुम्ही चुकलात, की तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी ऐकत होतात, हे त्याला त्या अर्ध्या पानावरूनच कळेल.